नुसत्या रिंगा बदलल्या म्हणजे इंजिन बांधलं असं होत नाही

गेल्या आठवड्यापासून एक व्हिडिओ फिरतोय, मला एकट्याला चार जणांनी पाठवला. कुठल्यातरी थंड देशातली जुनी स्नोमोबाईल, म्हणजे पुढं दोन स्की आणि मागं रबरी पट्टा असलेली बर्फावरची गाडी, गुलमर्गला गेलेल्यांनी बघितली असेल. वर्षानुवर्षं शेडमध्ये पडलेली ती गाडी बाहेर काढतात, हेड-सिलेंडर उतरवतात, पिस्टनवरच्या रिंगा बदलतात, दोरी ओढतात आणि इंजिन सुरू. इथवर माझं काही म्हणणं नाही. पण त्याच्याखाली मराठीत कुणीतरी जे जोडलंय ते असं: "टू-स्ट्रोकमध्ये असतंयच काय, रिंगा टाका, क्रँक उघडायची गरज नसते, बोअर मारला की सिलेंडर बाद, पेट्रोलमध्ये ऑईल डबल घाला, कोल्हापूरच्या उद्यमनगरातले मिस्त्री उगाच बिल वाढवतात." हे वाचून कुणीतरी घरातली आरएक्स 100 नाहीतर येझदी, असली जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल कायमची घालवून बसणार, म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे सुरू होणं आणि बांधून होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिडिओत इंजिन जेमतेम दोन मिनिटं चालतं, तेही जागेवर उभं राहून, लोड न घेता. पेट्रोल, स्पार्क आणि थोडं कॉम्प्रेशन मिळालं की टू-स्ट्रोक सुरू होतंच. खरी परीक्षा पुढं अर्धा तास दम काढताना असते.

आता क्रँक, म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल फिरती करणारा दांडा, आणि सगळ्यात मोठी चूक इथंच आहे. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या खाली नुसतं ऑईल असतं. टू-स्ट्रोकमध्ये कार्बोरेटरमधनं येणारं पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्येच, म्हणजे क्रँक ज्या पेटीत फिरतो तिथंच येतं, पिस्टन खाली आला की ते दाबलं जातं आणि बाजूच्या पोर्टमधनं वर सिलेंडरमध्ये जातं. म्हणजे क्रँककेस हे इंजिनचं फुप्फुसच झालं, ते हवाबंदच पाहिजे. त्याला हवाबंद ठेवतात क्रँकच्या दोन टोकांची रबरी ऑईल सील, आणि गाडी वीस-तीस वर्षं उभी राहिली की ते रबर लाकडासारखं कडक होतं. मॅग्नेटच्या (ठिणगीसाठी वीज करणाऱ्या चाकाच्या) बाजूचं सील गेलं की तिथनं जादा हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि शेवटी सीज, म्हणजे सिलेंडरात जाम. आरएक्सला क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑईल आत ओढलं जाऊन पांढरा धूर सुटतो, गिअर ऑईल कमी होत जातं आणि आपण ऑईल पंपाला दोष देत बसतो. स्नोमोबाईलला इंजिनात गिअरबॉक्स नसतो, बेल्टवर चालणारा क्लच असतो, त्यामुळं तिथं दोन्हीकडनं हवाच शिरते.

हे मी भोगलेलं आहे. माझ्या आरएक्सला मी असंच नुसतं वरचं काम करून घेतलं होतं, गावात गाडी मस्त चालायची, फक्त थ्रॉटल सोडला तरी आरपीएम लगेच खाली येत नव्हता. तीच खूण होती, पण मला तेव्हा कळली नाही. वाघबीळच्या पुढं पन्हाळ्याच्या चढाला गाडी कचकन जाम झाली, मागचं चाक घासत गेलं, मागं बायको बसली होती. इंजिन खोललं तर नवा पिस्टन एका बाजूनं पार ओरबाडलेला आणि मॅग्नेटकडचं सील बोटानं तुटत होतं.

बेअरिंगचंही तेच. बंद गाडीत ओल धरते, कनेक्टिंग रॉडच्या बिग-एंडच्या (क्रँककडच्या टोकाच्या) बेअरिंगमधल्या सुयांवर गंज चढतो, आणि ते वरनं दिसत नाही. हा क्रँक तुकडे प्रेसनं बसवून केलेला असतो, रॉड बदलायचा तर प्रेसवर खोलून परत बसवायचा आणि डायल गेज लावून मिलिमीटरच्या काही शंभरांशापर्यंत सरळ करायचा. ते काम घरात हातोड्यानं होत नाही.

बोअर मारल्यावर, म्हणजे सिलेंडर आतनं कातून थोडा मोठा केल्यावर, तो बाद होतो हे तर साफ चूक. आरएक्सच्या सिलेंडरला आत बिडाची स्लीव्ह आहे आणि बोअर मारायची सोय धरूनच 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 मिलिमीटर अशा ओव्हरसाईज पिस्टनांची मापं ठेवलेली आहेत. बाद होतो तो ओव्हल झालेल्या सिलेंडरला नव्या रिंगा घालून, कारण गोल रिंग लांबट भोकात बसणार कशी? पॉलिश पेपर मारून माप परत येत नाही, मायक्रोमीटर आणि बोअर गेज लावूनच ठरवावं लागतं. हां, बोअरिंगनंतर पोर्टच्या कडा मोडून घेतल्या का हे जरूर विचारा, धारदार कडेला रिंग अडकली की तुटते. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला आहे का तेही बघा. आणि ज्या इंजिनांच्या सिलेंडरला आतनं निकासिलचा (निकेलचा कडक) थर असतो त्यांना मात्र असा साधा बोअर चालत नाही, तिथं सावध.

डबल ऑईल? कार्बोरेटरच्या जेटमधनं (बारीक भोकातनं) जाणाऱ्या पेट्रोल-ऑईलच्या मिश्रणात ऑईल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी होतं, म्हणजे परत मिश्रण पातळच. वरनं प्लग खराब आणि सायलेन्सर कार्बननं चोक. येझदीला कंपनीनं सांगितलेलं प्रमाण मोजून घाला, आरएक्सला ऑईल पंप आहे, तो सेट करा.

राहिलं उद्यमनगरचं बिल. शेतातल्या पंपाची ऑईल इंजिनं बनवून या गावाचा हात बसलाय, तिथला बोअरिंगवाला सिलेंडर हातात घेऊन आधी माप घेतो, मग बोलतो. फसवणारे सगळीकडं असतात, पण त्यांना पकडायची सोपी परीक्षा आहे. काम झाल्यावर इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून हातपंपानं पाच-सहा पीएसआय हवा भरायला सांगा, पाच मिनिटं काटा जागेवर राहिला पाहिजे, नसला राहात तर सीलला, गॅस्केटला, सिलेंडरच्या बुडाला साबणाचं पाणी लावा, बुडबुडा येईल तिथं गळती. ही टेस्ट तुमच्यासमोर करून द्यायला जो मिस्त्री तयार आहे त्याच्याकडंच गाडी द्या. किक त्यानंतर.