माझ्या आईचा विश्वास कमी पडला नव्हता

आज चर्चच्या उपासनेत एका मावशींनी उभं राहून साक्ष दिली, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांना सांगितलं. पंधरा दिवस झाले, इन्सुलिन बंद केलंय, प्रभूने मला बरं केलं, असं म्हणाल्या. मंडळीने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. घरी आल्यापासून स्वतःचा राग येतोय.

माझी आई तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. फ्रीजच्या दारात, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी तिची इन्सुलिनची पेनं असायची. बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकांच्या सभेला ती तीन दिवस गेली. त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सांगितलं की आता औषध घ्याल तर देवाला खोटं ठरवाल. आईने पेनं वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकली. आम्हाला सांगितलं नाही. चप्पल लागून उजव्या अंगठ्याला फोड आला होता, तोही तिला जाणवला नाही. मोजा काढताना वास आला तेव्हा मला कळलं. अंगठा काढावा लागला.

त्यावर त्या प्रचारकांचा फोन आला. घरात कुठलं तरी पाप कबूल करायचं राहिलं असेल, असं म्हणाले. आईने तो फोन हाताला सलाईन असताना ऐकला. रात्री मला विचारलं, "माझा विश्वास कमी पडला का गं?"

पहाटे चारला उठून गुडघे टेकणाऱ्या बाईला हा प्रश्न पडावा! अंगठा गेल्याचं दुःख मी विसरले. हा प्रश्न नाही विसरू शकत.

कुठल्या बायबलमधून शिकवतात हे? हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिराचा लेप लावायला यशया संदेष्ट्यानेच सांगितलं ना? प्रेषित पौलाने आपल्या सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, दुसऱ्या सोबत्याला, त्रफिमाला, आजारी म्हणून मिलेत शहरात ठेवलं. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर वैद्यच होता. आणि पौलाने स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली, तेव्हा उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." पौलाच्या घरात पाप होतं का? "त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले" हे वचन माझ्या आईच्या पलंगावर लावलेलं होतं. तेच वचन घेऊन तिला अपराधी ठरवलं.

औषध म्हणजे अविश्वास असेल, तर मिशनरी वॉनलेस डॉक्टरांनी 1894 साली मिरजेत दवाखाना कशाला उभा केला? आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य 1970 मध्ये जामखेडला गावोगावच्या आजाऱ्यांसाठी कशाला गेलं? आपल्यातल्या किती घरांची भाकरी मिशनच्या दवाखान्यांतल्या नर्स आणि कंपाउंडरांच्या पगारावर भाजली गेली, जरा आठवा.

चमत्कार होतात. नाही म्हणणारी मी कोण? डॉक्टरांनी हात टेकलेली माणसं उठून बसलेली मीही पाहिली आहेत. आणि डिपॉझिट भरल्याशिवाय पेशंटला आत न घेणारे दवाखानेही पाहिलेत, माणसं सभांना का जातात ते कळतं. बायबलमधल्या रक्तस्राव होणाऱ्या त्या बाईनेही सगळा पैसा वैद्यांवरच घालवला होता. हे असं लिहिलं की बाहेरचे लोक आपल्याकडे बोट दाखवतात, तेही मान्य. पण म्हणून गप्प बसू?

आमचे तेव्हाचे पाळकसाहेब वॉर्डात आले होते. खिशात तेलाची छोटी बाटली. आईच्या कपाळाला तेल लावलं, बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याबद्दलचं वाचलं, प्रार्थना केली. मग तिच्या औषधांच्या वेळा विचारून माझ्याकडून कागदावर लिहून घेतल्या. जाताना आईला म्हणाले, पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. जिथे 1905 साली रात्रंदिवस प्रार्थना चालल्या, त्या रमाबाईंच्याच मुक्ती मिशनमध्ये हे घडलं. रमाबाईंचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल, सांगा बाई? आई त्या दिवशी पहिल्यांदा जेवली. वरणभात, दोन घास जास्तच.

त्यानंतर ती चार वर्षं जगली. रोज पेन हातात घेऊन आधी "प्रभू, तुझे उपकार" म्हणायची आणि मग सुई टोचायची. मला तर तेच बरं होणं वाटतं.

हे लिहिता लिहिता मध्येच मावशींना फोन केला. आधी साक्षीबद्दलच बोलत होत्या. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "तहान फार लागते गं हल्ली. रात्री चार-चारदा उठते."

आईचंही असंच सुरू झालं होतं.

आईचं शुगर तपासायचं मशीन कपाटात आहे. स्ट्रिप कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून घेते. त्यांच्या मुलाला फोन केलाय, तो रिक्षा घेऊन येतोय, दवाखान्यात न्यावं लागलं तर आजच नेऊ. मावशींना सांगितलंय, आधी दोघी प्रार्थना करू, मग बोट टोचू. "ये," म्हणाल्या.

निघते.