पऱ्हाटीचा चुकारा कुणाच्या खात्यावर?

भारतातून पाहुणे आले की मी त्यांना जर्मनीतल्या त्स्विकाऊच्या मोटार संग्रहालयात नेऊन ट्राबांटसमोर उभं करते. पूर्व जर्मनीची ही गाडी १९५७ ते १९९१ या काळात याच गावात तयार झाली. पोलादाची टंचाई होती, म्हणून दारं आणि बॉनेट कापसाच्या टाकाऊ तंतूंचे. त्यांच्या थरांत फेनॉलचं रेझिन घालून तापत्या साच्यात दाबायचे. कापूस सोव्हिएत संघातून यायचा. लोक तिला पुठ्ठ्याची गाडी म्हणून हसत. मी यवतमाळकडची. मला हसू आलं नाही, आमच्या धुऱ्यावर पेटवलेली पऱ्हाटी आठवली, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या वाळक्या काड्या.

आता माझं पोट अशाच तंतूंवर चालतं. इथल्या गाड्यांच्या दारांच्या आतल्या बाजूला जवस, ताग, अंबाडी दाबून बसवलेली असते. गावाकडच्या फोनवर मात्र दोन वाद वेगवेगळे ऐकू येतात. एक, लाडक्या बहिणीच्या दीड हजारांचा: बायकांना पैशातलं काय कळतं, आधी त्यांना आर्थिक साक्षर करा. दुसरा, शेतातल्या कचऱ्यातून सोनं काढण्याचा. माझ्या मते वाद एकच आहे.

माझी काकू बचत गटाची सचिव. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब ही पंचसूत्री तिला तोंडपाठ. शेकडा दोन म्हणजे वर्षाचे २४ टक्के, हे ती बोटांवर सांगते. मला माझ्या इथल्या पेन्शनचं पत्र अजून धड वाचता येत नाही, पण मला कुणी साक्षरता शिबिराला पाठवत नाही! आणि जर्मनीचं फार कौतुक नको. नोकरीमुळे घरसंसाराकडे दुर्लक्ष होता कामा नये, ही अट विवाहितेला १९७७ पर्यंत इथल्या कायद्यातच होती. ती उठली ती कायदा बदलल्यामुळे, शिबिरांमुळे नाही.

काकूला हिशोब येतो, सातबाऱ्यावर नाव मात्र नाही. पऱ्हाटी उपटायला, वेचायला, भारे बांधून आणायला बाया. चुलीत जाते तोवर ती त्यांचीच. उद्या कारखान्याचा माणूस काटा घेऊन आला, की चुकारा शेतमालकाच्या खात्यावर. मग काकूला पासबुक वाचायला शिकवून काय उपयोग, त्यात नोंदच पडणार नसेल तर? शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी हे फार आधी ओळखलं होतं. स्वित्झर्लंडची नोकरी सोडून ते परतले, १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीत बायकोच्या नावे जमीन करायला शेतकऱ्यांना सांगितलं.

पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचं तंत्र आपल्याकडे जुनं आहे. मुंबईच्या माटुंग्यातल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने ते विकसित केलं. हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. अडतं ते वाहतुकीत. काड्या हलक्या आणि फुगीर, ट्रकमध्ये माल कमी आणि हवा जास्त. म्हणून गावातच तुकडे करून, वाळवून पाठवावं लागतं. ओल राहिली की बोर्ड फुगतो. शिवाय उभ्या पऱ्हाटीत बोंडअळी मुक्काम करते, त्यामुळे ती वेळेत शेताबाहेर काढावीच लागते.

कुट्टीचं यंत्र गटाच्या मालकीचं असेल आणि तुकड्यांचं बिल गटाच्या नावे फाटत असेल, तर सातबाऱ्याची अडचण बाजूला राहते. शेतमालकाला पऱ्हाटीचा भाव द्यावा, पण कुट्टीची मजुरी आणि नफा गटाच्या खात्यावर यावा. साक्षरता मग यंत्राच्या हप्त्यातून आपोआप येईल. सहा हजार किलोमीटरवरून हे सांगणं सोपं आहे, मान्य. हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा, उरलेले महिने यंत्र छपरीत उभं, हप्ता मात्र दर महिन्याला.

हे सगळं मी काकूला फोनवर समजावलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "विकली तर चुलीत काय घालू वं बाई? सिलिंडर तुझा कारखाना भरून देते का?"

पऱ्हाटीच्या दराच्या माझ्या गणितात सिलिंडर नव्हताच. आता वहीत पहिली ओळ तीच लिहिली आहे: वर्षाला किती टाक्या, आणि त्यांचे पैसे किलोमागे किती बसतात.