ईडीटीए पेशींना मारत नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

ठाणे, ऐरोली, महापे या पट्ट्यातल्या लॅबवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ईडीटीए (सेल सोडवायच्या द्रावणातलं एक रसायन) सेल्सना विष आहे, ते प्रोटीन पचवतं, म्हणून फ्लास्कच्या तळाला चिकटून वाढणारे सेल सोडवायला नुसतं ट्रिप्सिन (प्रोटीन कापणारं एन्झाइम) घ्या, आणि ईडीटीए पडलंच तर सीरम (रक्तातला पेशी नसलेला द्रव) टाका, दोन्ही जागच्या जागी थांबतात. नवीन जॉइन झालेली पोरं हे खरं धरून चाललीयेत म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे ईडीटीए काही पचवत नाही, ते एन्झाइमच नाही. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून ठेवतं. आता सेलला सेल धरून ठेवणारं कॅडहेरिन प्रोटीन कॅल्शियमशिवाय टिकत नाही आणि तळाला चिकटवणाऱ्या इंटेग्रिनलाही हे आयन लागतात, ते गेले की सेल गोल होतात आणि सुटतात.

"नुसतं ट्रिप्सिन" हा सल्ला तर सगळ्यात घातक. कॅल्शियम असेल तर ट्रिप्सिनला कॅडहेरिन नीट कापताच येत नाही, हे 1970 च्या दशकापासून माहितीये, म्हणूनच नेहमीच्या बाटलीत 0.25 टक्के ट्रिप्सिनसोबत साधारण 0.5 मिलीमोलार ईडीटीए घातलेलं असतं. ते काढलं की सेल सुटत नाहीत, मग फ्लास्क अजून पाच मिनिटं, अजून पाच मिनिटं असा ठेवला जातो, टपल्या मारतात, पिपेटने रगडतात, सेल मरतात ते त्यात आणि नाव येतं ईडीटीएवर! फ्लो सायटोमेट्री (एकेक सेल लेझरसमोरून नेऊन तपासणं) करायची असेल तर अजून जपा, ट्रिप्सिन सेलच्या सरफेसवरचे काही मार्करच (ज्यांवरून सेल ओळखतात ती प्रोटीन) कापून टाकतं, तिथे उलट नुसतं ईडीटीए बरं पडतं.

आणि विष म्हणाल तर माणसाच्या प्लुरिपोटंट (शरीरातल्या कुठल्याही प्रकारचा सेल बनू शकणाऱ्या) स्टेम सेल, किती नाजूक असतात, त्या 0.5 मिलीमोलार ईडीटीएमध्ये काही मिनिटं ठेवून छोट्या गुठळ्यांत सर्रास पॅसेज करतात, म्हणजे नव्या भांड्यात हलवतात. तासभर विसरलात तर त्रास होणारच, पण तसं कोणी सांगितलेलं नाही. फक्त आधीचा वॉश कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसचा (मिठाचं बफर द्रावण) हवा, बाटलीचं लेबल वाचा, दोन्ही प्रकार फ्रिजमध्ये शेजारी-शेजारीच असतात.

सीरमचं अर्धंच खरंय. त्यातलं अल्फा-1 अँटीट्रिप्सिन ट्रिप्सिनला थांबवतं, ईडीटीएला नाही. ईडीटीए गप्प होतं ते मीडियममधल्या (सेल वाढवायच्या पोषक द्रवातल्या) कॅल्शियममुळे, डीएमईएम या नेहमीच्या मीडियममध्ये ते 1.8 मिलीमोलार असतं, म्हणजे जेवढं ईडीटीए तेवढंच मीडियम ओतलं तरी कॅल्शियम तिपटीहून जास्त होतं. कमी कॅल्शियमचं मीडियम वापरत असाल तर मात्र सेंट्रिफ्यूजमध्ये स्पिन करून ईडीटीए काढून टाका, मगच सेल नव्या भांड्यात प्लेट करा.