पट्टा बांधावा, हूक लोंबता ठेवावा

आपल्या हाताखालची माणसे उंचीवर चढणार असतील, तर एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी की सुरक्षेची साधने पडणाऱ्यासाठी नसतात, ती पाहणीला येणाऱ्यासाठी असतात. हे तत्त्व एकदा अंगी बाणले की निम्मे नियम आपोआप सोपे होतात आणि उरलेल्या निम्म्यांची गरजच राहत नाही.

सुरुवात अर्थातच पट्ट्यापासून करावी. खांदे, छाती आणि मांड्या यांना वेढणारा पूर्ण हार्नेसच वापरावा, असा जाणकारांचा हट्ट असतो. कारण पडणारे शरीर एकदम थांबते तेव्हा बसणारा हिसका त्यात मांड्यांवर आणि कटीच्या हाडांवर विभागला जातो, तर नुसत्या कमरपट्ट्यात तो सगळा पोटावर येतो, किंवा माणूस उलटा होऊन पट्ट्यातून निसटून जातो. अमेरिकेतील बांधकामांवर पडणे रोखण्यासाठी कमरपट्टा वापरण्यास १ जानेवारी १९९८ पासून मनाई आहे. आपण इतकी घाई करण्याचे कारण नाही. तरीही आपली ऐपत दाखवायची असेल तर हार्नेस खुशाल घ्यावा, छायाचित्रात तो उठूनही दिसतो; फक्त त्याचा हूक कामगाराने कशाला तरी अडकवावा असा आग्रह धरू नये. हूक अडकवला की माणूस एका जागी बांधला जातो, काम रेंगाळते, आणि दोन हूकांची दोरी देऊन एक सोडण्याआधी दुसरा अडकवायला शिकवणे म्हणजे तर वेळेची निव्वळ उधळपट्टी होय. पाठीवर झुलणारा मोकळा हूक चालताना मंजूळ वाजतो, तेवढे समाधान पुरे मानावे.

पाहणीच्या दिवशी मात्र हूक अडकवावाच लागतो, आणि तेव्हा कुठे अडकवावा हा प्रश्न येतो. पुस्तकी मंडळी म्हणतात की आधाराची जागा सुमारे २२ किलोन्यूटन, म्हणजे दोन टनांहून अधिक भार पेलणारी हवी. आपण विजेच्या वायरीची नळी, पाण्याचा प्लॅस्टिकचा पाइप किंवा ज्या परांचीवर कामगार उभा आहे तिचाच सैल आडवा बांबू निवडावा. यातला शेवटचा पर्याय मला विशेष भावतो, कारण त्यात माणूस, पट्टा आणि आधार यांची ताटातूट होत नाही. तिघेही सोबतच खाली पोहोचतात.

अंकगणिताच्या नादी तर मुळीच लागू नये. दोन मीटरची दोरी, हिसका शोषण्यासाठी उसवत जाणारी शॉक ॲब्सॉर्बरची घडी उलगडून जास्तीत जास्त पावणेदोन मीटर, पाठीवरच्या कडीपासून पावलांपर्यंत दीड मीटर आणि सावधगिरीचा एक मीटर, अशी बेरीज केली तर हूक जिथे अडकवला तिथून खाली सव्वासहा मीटर मोकळी जागा लागते. चार मीटर उंचीवर पायांपाशी हूक अडकवून उभा असलेला माणूस त्यामुळे पट्ट्याने त्याला पुरते थांबवण्याआधीच जमिनीला भेटतो, आणि कागदोपत्री तो पूर्ण सुरक्षित असतो. हूक डोक्याच्या वर अडकवला तर पडण्याचे अंतर पुष्कळ घटते, हे खरे; परंतु त्यासाठी वर हात करावा लागतो.

शिर सलामत तर पगडी पचास, असे पूर्वजांनी म्हणून ठेवले आहे. आपण पगडीचीच काळजी वाहावी. हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा कधीही बांधू देऊ नये, म्हणजे तोल जाताच हेल्मेट आपल्या वाटेने जाते आणि डोके आपल्या, आणि हेल्मेट बहुधा पुन्हा वापरण्याजोगे सापडते. वरच्यांनी हत्यारे दोरीने बांधून ठेवावीत, हा आग्रहही खालच्यांचा अकारण भित्रेपणा आहे. वीस मीटरवरून निसटलेला हातोडा खाली येईपर्यंत ताशी सत्तर किलोमीटरचा वेग गाठतो, यात हातोड्याची कार्यक्षमताच दिसते.

शिडीविषयी फार लिहीत नाही. चार मीटर उंचीवर टेकवताना तिचा पाय भिंतीपासून एक मीटर दूर असावा, वरची टोके चढायच्या जागेच्या मीटरभर वर निघावीत, वगैरे सांगणारे लोक भेटतील. त्यांना शिडी कमी पडते तेव्हा खाली विटा रचता येतात हे ठाऊक नसते.

छपरावरचे पत्रे हा याहून मनोरंजक विषय आहे. जुने सिमेंटचे पत्रे आणि उजेडासाठी बसवलेले पारदर्शक पत्रे माणसाचा भार पेलतीलच याचा भरवसा नसतो, म्हणून त्यांवर आडव्या फळ्या टाकून चालावे आणि खाली जाळी बांधावी, असे सांगितले जाते. एरवी धुळीने आणि रंगाने माखून पारदर्शक पत्रा इतर पत्र्यांसारखाच दिसू लागतो, तेव्हा तो कोणता हे शोधण्याचे काम कामगाराच्या पायांवर सोपवावे. फळ्या आणायला अर्धा दिवस जातो, आणि काम तर दोन मिनिटांचे असते. या दोन मिनिटांच्या कामाचा महिमा काय वर्णावा! पाच मीटरवरून खाली यायला जेमतेम एक सेकंद लागतो आणि जमीन गाठताना वेग ताशी ३५ किलोमीटरच्या वर असतो, त्यामुळे वेळेच्या हिशेबात सुमारे एक मिनिट एकोणसाठ सेकंद शिल्लकच राहतात. वीस वर्षे बेल्टशिवाय काम करणारा अनुभवी गडी पुढे करून हा मुद्दा कुणालाही पटवता येतो. ज्यांचे एकविसावे वर्ष उजाडले नाही ते वाद घालायला येत नाहीत.

एवढे करूनही एखाद्याचा हूक खरोखरच अडकलेला निघाला आणि तो हवेत लोंबकळत राहिला, तर गडबडून जाऊ नये. पट्ट्यात निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचते, काही मिनिटांत त्याची शुद्ध हरपू शकते, म्हणून त्याला उतरवायचे कसे हे चढण्यापूर्वीच ठरवून ठेवावे, असा नियम आहे. आपण तो घोळ त्या वेळीच घालावा: कोण वर जाणार, लांब शिडी कुठे आहे, गोदामाची किल्ली कोणाकडे आहे, यावर सर्वांनी मिळून मोठ्याने चर्चा करावी.

अहवालात कारणाच्या रकान्यात कामगाराचा निष्काळजीपणा असे सुवाच्य अक्षरात लिहावे. तो फॉर्म आधीच भरून ठेवलेला असल्यास नाव आणि तारखेपुरतीच जागा मोकळी सोडावी. मग तो पट्टा परत मागवून घ्यावा. एक हिसका सोसलेला पट्टा पुन्हा वापरू नये असे त्याच्यावरच्या चिठ्ठीत छापलेले असते, तेव्हा प्रथम ती चिठ्ठी काढावी, नंतर पट्टा धुऊन वाळत घालावा आणि उद्या येणाऱ्या नव्या माणसाला द्यावा. घडी एकदा उसवलेली असल्याने त्याला दोरीही चांगली लांब मिळेल.