‘पोरगं चांगलं नाही’ म्हणजे नक्की काय?

रविवारी विरारहून मामाचा फोन आला की गाडी पृथ्वी शॉवर येतेच. राजकोटला २०१८ मध्ये पदार्पणातच १३४ धावा करणारा हा पोरगा, आणि नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात ७५ लाखांच्या मूळ किमतीलाही त्याला कुणी घेतलं नाही. घरी कारणं ठरलेली : शिस्त नाही, डोक्यात हवा गेली. मामाला मनापासून वाईट वाटतं. मलाही वाटतं.

मी फिलाडेल्फियात राहतो. इथे अमेरिकन फुटबॉलमध्ये लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. कॉलेजातून आलेले खेळाडू ३२ संघ सात फेऱ्यांत एकेक करून उचलतात. नंबर खाली गेला की पगारही खाली. त्याआधी महिनोन्‌महिने मुलाखती चालतात, जुने कोच, पोलिसांचे कागद, सगळं खणून काढतात. वर्तनाबद्दल शंका असली की इथेही ‘कॅरेक्टर’ हा एकच शब्द. त्या शब्दावरच माझा राग आहे, कारण त्यात काय वाट्टेल ते कोंबलेलं असतं.

२०१५ मध्ये लाएल कॉलिन्स पहिल्या फेरीत जाणार असं सगळे धरून चालले होते. ड्राफ्टच्या तोंडावर त्याच्या पूर्वीच्या मैत्रिणीचा खून झाला. पोलिसांना त्याच्याशी बोलायचं होतं, पण तो संशयित नव्हता. सातही फेऱ्या संपल्या, त्याचं नाव कुणीच घेतलं नाही. पुढच्या वर्षी लॅरेमी टन्सिलचा गांजा ओढतानाचा जुना व्हिडिओ ड्राफ्ट सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी बाहेर आला आणि तो तेराव्या नंबरावर घसरला. त्याच ड्राफ्टमध्ये टायरीक हिलला कॅन्सस सिटीने पाचव्या फेरीत घेतलं. गरोदर मैत्रिणीला गळा दाबून मारहाण केल्याचा गुन्हा त्याने कोर्टात कबूल केला होता. पायात वेग अफाट, म्हणून ‘स्वस्तात मिळाला’.

स्वतःचं नुकसान करणारी सवय आणि दुसऱ्याच्या अंगावर उठलेला हात यांना एकाच रकान्यात लिहायचं, मग त्यातून किती नंबर वजा करायचे याचा हिशोब मांडायचा, हे मला पटत नाही. संघाला प्रश्न एवढाच असतो की हा आपल्याला अडचणीत आणेल का. ज्याला इजा झाली तो माणूस त्या हिशोबात येतच नाही.

एप्रिल २०२३ मध्ये आमच्या फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाने जेलन कार्टरला नवव्या नंबरावर घेतलं, तेव्हा मी शेजाऱ्यांच्या बेसमेंटमध्ये होतो. जानेवारीत रात्री रस्त्यावर गाड्यांची शर्यत लागली होती, तो एका गाडीत होता. दुसरी गाडी आदळून त्याच्या कॉलेजच्या संघातला एक खेळाडू आणि एक कर्मचारी तरुणी गेली. त्याला एक वर्षाचं प्रोबेशन आणि हजार डॉलर दंड झाला. बेसमेंटमध्ये आरडाओरडा सुरू झाला. शेजारीणबाई मात्र हातातली चिप्सची वाटी तशीच धरून उभी होती. ‘दोघं गेली ना,’ एवढंच म्हणाली. पुढे २०२५ मध्ये ईगल्स सुपर बोल, म्हणजे इथली फायनल, जिंकले तेव्हा मीही नाचलो, आणि ती वाटी डोळ्यांसमोरून गेली नाही.

मागच्या रविवारी मी मामाला हिलची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘आणि त्या पोरीचं पुढे काय झालं रे?’’