सूर्य जळत नाही, आणि विझायलाही आलेला नाही

मे हीट सुरू झाली, भुसावळचा पारा ४५ च्या वर गेला, की जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: सूर्यावर ऑक्सिजन नाही तरी तो जळतो, म्हणजे विज्ञान खोटं, तो कधीही फुटणारा हायड्रोजन बॉम्ब आहे, त्याचं इंधन संपत आलंय, विझता दिवा मोठा होतो तसा तो भडकलाय आणि म्हणून खान्देश भाजतोय.

"ऑक्सिजन नाही, मग जळतो कसा?" प्रश्न रास्त आहे, निष्कर्ष चुकीचा. सूर्य जळतच नाही. जळण्यात अणूंचे बाहेरचे इलेक्ट्रॉन तेवढे जागा बदलतात, केंद्रकाला धक्का लागत नाही. सबंध सूर्य कोळशाचा असता तर आजच्या तेजाने पाचेक हजार वर्षांत राख झाला असता. त्याचं वय ४६० कोटी वर्षं आहे.

मग तो तळपतो कशाने? केंद्रकं एकमेकांना जोडली जाऊन, म्हणजे संमीलनाने. त्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान आणि पाण्याच्या दीडशेपट घनता असते. तिथे दोन प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनची केंद्रकं, समोरासमोर येतात. दोघेही धनभारित, त्यामुळे एकमेकांना ढकलतात. एवढ्या तापमानातला वेगही तो अडसर ओलांडायला पुरत नाही. पुंज (क्वांटम) परिणामामुळे क्वचित एखादा आरपार जातो, ज्याला टनेलिंग म्हणतात. त्याच निमिषात दोघांपैकी एकाचा न्यूट्रॉन झाला तरच जोडी टिकते आणि ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, बनतं. हे इतकं दुर्मीळ की एकेका प्रोटॉनला सरासरी ९०० कोटी वर्षं थांबावं लागतं. पुढे मात्र काही सेकंदांत तिसरा प्रोटॉन चिकटून हेलियम-३ होतं, आणि अशी दोन हेलियम-३ भेटली की हेलियम-४ तयार होऊन दोन प्रोटॉन सुटतात. वापरलेल्या हायड्रोजनच्या वस्तुमानातला ०.७ टक्के भाग ऊर्जा होतो.

०.७ टक्के म्हणजे किती, ते भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राकडे पाहून कळेल. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला तीनशे टनांच्या वर कोळसा खातो. तेवढी उष्णता संमीलनातून मिळवायला साडेसात ग्रॅम हायड्रोजन पुरेल. सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम करतो. त्यातलं ४२ लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडतं.

"कधीही फुटेल" हेही खरं नाही. अगदी केंद्रातही एका घनमीटरमागे तीनशे वॅटच्या आतच ऊर्जा निघते. इतक्याच आकारमानाला माणसाचं शरीर त्याहून जास्त उष्णता देतं. सूर्य प्रचंड आहे म्हणून प्रखर आहे. शिवाय संमीलन जरा वाढलं की गाभा फुगतो, फुगला की थंड होतो आणि वेग आपोआप उतरतो. बॉम्बमध्ये ही सोय नसते.

"इंधन संपत आलंय, म्हणून भडकलाय." गाभ्यात अजून सुमारे ५०० कोटी वर्षं पुरेल इतका हायड्रोजन आहे. सूर्य हळूहळू प्रखर होतोय हे खरं, पण १०० कोटी वर्षांत सुमारे दहा टक्के या गतीने. १९७८ पासून उपग्रह त्याचं तेज मोजताहेत: अकरा वर्षांच्या चक्रात ते ०.१ टक्क्याने वरखाली होतं, चढत गेलेलं नाही. आणि खुद्द गाभ्याची खबरही येते. प्रकाशाला तिथून पृष्ठभागावर यायला हजारो वर्षं लागतात, पण संमीलनात सुटणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण दोनेक सेकंदांत बाहेर पडतात. इटलीतल्या बोरेक्सिनो प्रयोगाने २०१४ मध्ये पहिल्याच पायरीचे, प्रोटॉन-प्रोटॉन जोडीचे न्यूट्रिनो थेट पकडले. त्यावरून काढलेली गाभ्यातली आजची ऊर्जा आपल्याला दिसणाऱ्या तेजाशी जुळली.

मग खान्देश का तापतो? मे अखेरीस २१ अंश अक्षांशावर दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. आकाश निरभ्र, हवा कोरडी, समुद्र लांब. जमिनीत ओल नसल्याने ऊन बाष्पीभवनात खर्च होत नाही, सगळं जमीन तापवण्यात जातं. त्यात हरितगृह वायूंमुळे एकूण तापमानच वाढलंय. सूर्याचं अंतर तर उलटं चालतं. पृथ्वी त्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, नेमकी रावेर-यावलची केळी थंडीने वाढ थांबवून बसलेली असते तेव्हा.