खुलासा: तळाचा बचाव म्हणजे प्लेऑफमधून बाहेर, हे खरं नाही

‘धावता हल्ला (चेंडू घेऊन धावत पुढे सरकणं) अडवता न येणारा संघ प्लेऑफमध्ये टिकतच नाही’, असा दावा एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या, चाहत्यांमध्ये फिरतोय. तो चुकीचा आहे. २००६ चा इंडियानापोलिस कोल्ट्स संघ बघा. डिसेंबरात जॅक्सनव्हिलच्या संघाने त्यांच्याविरुद्ध धावत तब्बल ३७५ यार्ड काढले. धाव रोखण्यात कोल्ट्स ३२ संघांत शेवटचे ठरले. तरी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, त्यांनीच जिंकला. प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात कॅन्सस सिटीचा धावपटू लॅरी जॉन्सन याला जेमतेम ३२ यार्ड मिळाले, मध्यंतरापर्यंत त्याच्या संघाला एकही फर्स्ट डाउन (चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जाणं) नाही! बचाव दुबळा चालतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. कोल्ट्सचा दुखापतग्रस्त सेफ्टी (बचावफळीत मागे खेळणारा खेळाडू) बॉब सँडर्स परतला होता आणि हंगामाच्या सरासरीत त्याच्याविना खेळलेले १२ सामने मिसळलेले होते.